लाल गाडीतली धूळ

पिवळ्या पट्टीच्या आत दोन माणसं लाल गाडीवर वाकली होती. अंगात डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे, तोंडावर जाड मास्क. एकजण पाण्याचा बारीक फवारा मारत होता, दुसरा इंजिनाच्या सांध्यात बसवलेली चकती, जुनं गॅस्केट, हळूहळू सोडवत होता. जन्मभर गॅरेजमध्ये राबलेला रेन्झो बाझानी पट्टीच्या अलीकडे, खिशात हात घालून बघत होता.

गाडी जन्मानं इटलीची, रेन्झोसारखीच. उभं आयुष्य जपानात कुणा हौशी माणसाकडे गेलं, आणि टोकियोजवळच्या लिलावात रेन्झोच्या मुलीनं, कार्लानं, इथे मेलबर्नमध्ये स्वयंपाकघरात बसून बोली लावून ती एका गिऱ्हाइकासाठी घेतली. जपानी मालकानं काचेच्या कपाटात ठेवावी तशी जपली होती. पण बंदरावरच्या तपासणीत गॅस्केटमध्ये आणि ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. ते काढल्याशिवाय गाडी सुटणार नव्हती.

"गिऱ्हाईक डोकं खातंय माझं," कार्ला म्हणाली. "चार चकत्या काढायच्या, तर हे चंद्रावर निघाल्यासारखे नटलेत. पापा, तू बोल ना त्यांच्याशी."

फवारेवाल्यानं ते ऐकलं. पट्टीजवळ येऊन तो मास्कमधूनच म्हणाला, "उस्ताद, तुमच्या काळात हे कसं काढायचात?"

"पटाशीनं खरवडून," रेन्झो म्हणाला. "ब्रेकमध्ये भुकटी साचायची, ती कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची. एक फुर्र केलं की साफ."

"आणि तोंडाला काय लावायचात?"

"सिगारेट."

तो माणूस खदखदून हसला. रेन्झोही हसला, या गोष्टीवर तो नेहमीच हसत आला होता.

"मग आज तरी जरा मागे सरका," तो माणूस म्हणाला. रेन्झो निमूटपणे दोन पावलं मागे सरकला.

मंगळवारी डॉक्टरांनी त्याला छातीचा फोटो दाखवला होता. फुप्फुसाभोवतीच्या पातळ अस्तरावर बोट ठेवून आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचंच दुखणं, तीस-चाळीस वर्षं दबा धरून बसतं, म्हणाल्या. बरं होत नाही, हेही सांगितलं. रेन्झोनं मान डोलावली. लिफ्टमध्ये एका बाईला आधी जाऊ दिलं. वाटेत पाव घेतला, घरी जाऊन जेवला, झोपही लागली. तेव्हापासून तो घाबरायची वाट बघत होता. भीती काही येत नव्हती.

कार्लाचा फोन पुन्हा वाजू लागला. "बघ, हाच तो. काय सांगू याला?"

"थांब म्हणावं. सगळं नीट काढू देत."

"तूही त्यांच्याच बाजूचा झालास?"

"मला झालंय, कार्ला," रेन्झो म्हणाला. पेट्रोल संपलंय म्हणावं, तसं. "त्या धुळीचं. छातीत."

कार्लानं फोन उचलला नाही, बंदही केला नाही. तो तिच्या हातात वाजत राहिला आणि मग आपोआप थांबला.

"कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आईला?"

"नाही सांगितलं अजून. उद्या तिला घेऊन जायचंय डॉक्टरांकडे. तू येशील का गाडी घेऊन?"

"तिला घेऊन कशाला? मी येते ना तुझ्याबरोबर. तिला घरी बसून सांगू."

"तिलाही तपासायचंय म्हणतात."

"आईला?" कार्लाचा आवाज चढला. "आईनं जन्मात कधी गॅरेजमध्ये पाय ठेवलाय का? ग्रीसच्या वासानं तिचं डोकं दुखतं!"

पट्टीच्या आत गॅस्केट निघालं होतं. काळपट, हाताच्या पंजाएवढं. झगेवाल्यानं ते चिमट्यानं धरून, अंगापासून लांब ठेवत, जाड पिशवीत सोडलं. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि तोंड घट्ट बांधलं.

रेन्झो तिकडेच बघत होता.

"डॉक्टर विचारत होत्या, कामावरचे कपडे घरी कोण धुवायचं," तो म्हणाला. "धुवायच्या आधी तुझी आई त्यातली धूळ मागच्या अंगणात झटकायची."