'जाते' म्हणा

हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या शेवटच्या परीक्षेत मृण्मयीला एका बऱ्या झालेल्या पेशंटला घरी सोडायचं होतं. खाटेवरून 'जाते' असं ऐकू आल्याशिवाय वॉर्डचं यंत्र दार उघडत नसे. 'येते' म्हटलं, की अजून उपचार हवेत असं ते धरून चाले.

"आजी, जाते म्हणा ना."

"दवाखान्यातून निघताना असलं अभद्र बोलतात का?" भागीरथीबाई भडकल्या. "येते!"

दार बंदच राहिलं. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं.

आजींना उठवून मृण्मयी स्वतः खाटेवर बसली आणि म्हणाली, "जाते."

दार उघडलं. बाहेर पाऊल टाकताच भागीरथीबाई घाबरून वळल्या. "पोरी, माझ्यापायी काय बोललीस हे! आधी येते म्हण."

"येते, आजी," मृण्मयी हसून म्हणाली.

दार लागलं. यंत्राने आपुलकीने विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"