गोजरबाईच्या बकऱ्या

धाकट्या जावेचं, बेबीचं, पक्कं घर झालं आणि गोजरबाई जळून कोळसा झाली. नवऱ्याला बैलजोडी विकायला लावून तिनं शेजारीच दोन मजली घर बांधलं. रेतीही हट्टानं बेबीच्याच टिप्परवाल्याकडून, पूर्णेच्या त्याच काठाची आणली.

पण तिच्या बकऱ्या दावं सोडलं की पळायच्या बेबीच्या अंगणात.

"बेबे, काय चारतं वं माह्या बकऱ्याईले?"

"म्या कायले चारू, जाऊबाई? पूर्णेकाठी जमिनीतलं पानीच खारं, रेतीबी खारी निघाली. भिंतीले मीठ फुटलं, थ्या भिंतच चाटून राह्यल्या."

"जिरली मेलीची!" म्हणत गोजरबाई गावभर हसत फिरली.



यंदा बकऱ्या बेबीकडं फिरकत नाहीत. दावं सोडलं की गोजरबाईचीच भिंत चाटत उभ्या राहतात.