बाहेरगावचा फोन

बाथरूममधली एक खुर्ची. दोन विद्यापीठांची दोन ओळखपत्रं. जुन्यावरची मुलगी हसते आहे. गॅसवर उतू गेलेलं दूध.

पहिलं वर्ष संपताच दूरच्या विद्यापीठातून नाव काढून लेक गावातल्या विद्यापीठात आली. माणसांच्या ओळखी पुसट होत चाललेल्या आईनं दारातच तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कामाला ठेवून घेतलं.

"बाई, मिठाला हात आखडता ठेवा. माझ्या लेकीच्या हाताला चव आहे. बाहेरगावी शिकते ती. तुम्हांला नाही जमायचं."

"नाही जमायचं," लेक म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आई लेकीला फोन लावते. लेक हातातलं काम तसंच टाकून बाथरूममध्ये पळते, दार लावते आणि खुर्चीत बसून फोन उचलते.

"बोल गं आई."

"आवाज घुमतोय तुझा. वसतिगृह रिकामं झालं की काय?"

"सगळ्या जेवायला गेल्यात."

"मग तू का बसलीस उपाशी? जा की. इथली माझी काळजी नको करूस. बाई बरी मिळालीय. जरा धांदरट आहे, फोन लावला की कुठेतरी गडप होते, पण जीव लावते. तू मात्र शिक्षण अर्धवट टाकून यायचं नाहीस."

"नाही येत, आई."

जुन्या वसतिगृहात सामान बांधताना मैत्रिणींनी कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "आईशी नुसतं फोनवर बोलून भागत नाही गं."