नरसाळ्यातली ज्योत

खाडीच्या काळ्या गाळातून बुडबुडे येत होते. मी त्यांच्यावर नरसाळं उपडं धरलं आणि तोटीशी काडी ओढली. निळी ज्योत भपकन उठली.

"हा मिथेन!" मी काठावरच्या गर्दीला ओरडून सांगितलं. "गाळातले सूक्ष्मजीव आपल्या गटाराची घाण खातात आणि हा वायू सोडतात. खाडी कुजतेय!"

माझं बोलणं संपायच्या आत मागे कुणीतरी नारळ फोडला.

महिनाभराने पुन्हा गेले, तर तिथे देऊळ. माझं नरसाळं चांदीने मढवलेलं. नगरसेवकांनी मला रांगेतून काढून थेट गाभाऱ्यात नेलं. "पहिली ज्योत पेटवणाऱ्या मॅडम त्या ह्याच!" बायका माझ्या पाया पडू लागल्या.

म्हटलं, एवढा मान मिळतोय तर कामाचं बोलून घ्यावं. "साहेब, सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र मंजूर करून घ्या. गटार खाडीत सोडणं बंद झालंच पाहिजे."

नगरसेवकांनी कानाला हात लावले. "मॅडम, ही ज्योत कशावर जगते, ते तुम्हीच सांगितलंत ना? मग देवाचा नैवेद्य कसा बंद करू?"