अर्ध्या किलोचं वजन

सकाळी आठ चाळीसला तपासनिसाने रेवतीच्या एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवलं आणि पिस्तूल वर उचललं. खट्ट! ट्रिगर न सुटता वजन टेबलावरून उचललं जायला हवं होतं, पण वजनाने टेबल सोडण्याआधीच तो सुटला. "ताई, वीस मिनिटांत दुरुस्त करून आणा. नाहीतर स्पर्धेतून बाद."

बारा वर्षांच्या त्या पिस्तुलाला तिने कालच नवी स्प्रिंग बसवली होती, चार दुकानं फिरून स्वतः पारखून आणलेली. गार्गीने दिलेली जर्मन स्प्रिंग मात्र बॅगेत पाकिटातच पडून होती. "घे गं, तुझ्या म्हातारीला शोभेल," असं गार्गी म्हणाली होती. राज्याच्या संघात जागा एकच आणि दावेदार त्या दोघी. मग एवढा जिव्हाळा कशासाठी?

"माझी नाहीच ना बसवलीस?" गार्गी मागे येऊन उभी होती. "केवढी संशयी गं तू! आण इकडे."

स्क्रूड्रायव्हर ती सोबत घेऊनच आली होती. रेवतीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तरीही तिने पाकीट फोडलं.

आठ अठ्ठावन्नला वजन दुसऱ्यांदा अडकवलं गेलं. गार्गीनेही श्वास रोखला होता. कशाच्या आशेने, ते रेवतीला कळेना.

वजनाने टेबल सोडलं.