विहिरीचं पहिलं पाणी

बहादरपूरच्या शिवारात कच्च्या तेलाचा टँकर उलटला, तेव्हापासून मथुराबाई आपल्याच विहिरीवर नाकाला पदर लावून यायची, जणू आत सासरेबुवाच बसलेत.

आज पाणी तपासणाऱ्या योगितानं बाटली उन्हात धरली. तवंग नाही, वास नाही. प्रयोगशाळेनंही होकार दिला होता.

"मावशी, जिंकलो आपण!"

"मग पहिला घोट माझा. आजवर तुझ्या बाटल्याच पाणी पिऊन गेल्या, बहुत झालं!"

विहिरीला हळदकुंकू वाहून मथुराबाईनं पदर कमरेला खोचला आणि काठावरच शेंदलेल्या पाण्याची ओंजळ ओठांशी नेली. जमलेल्या बायांनी टाळ्या पिटल्या. योगिता हसत विहिरीत डोकावली.

पाण्यात सगळे चेहरे लख्ख हसत होते. फक्त प्रतिबिंबातल्या मथुराबाईनं नाकावरचा पदर अजून काढला नव्हता.