दोन तासांच्या आत

"हे दार कोणी बसवलं?" आर्वोनं विचारलं.

गेममध्ये तो तिसऱ्यांदा त्याच गंजक्या दाराशी येऊन थांबला होता. स्क्रीनवर जहाजाचं पोट होतं, त्यात दाट धुकं, आणि धुक्यात एकसारख्या दिसणाऱ्या वाटा.

"मीच," कोलेट म्हणाली. गेम तिचाच होता. तीन वर्षं एकटीनं खपून केलेला. समोरचा लॅपटॉपही तिचाच.

"कशाला?"

कोलेटनं कॉफीच्या कपाचं झाकण काढलं, परत लावलं.

कॅनडातल्या थंडर बे या बंदराच्या गावात नेस्टरचं कॉमिक्सचं दुकान आहे. शनिवारी दुपारी तिथल्या मागच्या टेबलाशी आर्वो असतोच. पस्तीस वर्षं त्यानं बंदरावर जहाजांत गहू भरला. आता तो गेम खेळतो आणि खेळून झाला की ऑनलाइन दुकानात त्या गेमखाली चार ओळी लिहितो. त्या ओळींत त्यानं आजवर कुणाची भीड ठेवलेली नाही. म्हणूनच कोलेट आली होती. धुक्याचा भाग तिनं नव्यानं जोडला होता. आर्वोनं ठीक म्हटलं असतं तर आजच ती तो ऑनलाइन दुकानात चढवणार होती.

"लोक परत करतात," ती म्हणाली. "दोन तासांच्या आत गेम परत केला की सगळे पैसे परत, असा तिथला नियम आहे. माझा संपतो दीड तासात. दहातले चार जण शेवटपर्यंत खेळतात, 'रडू आलं' म्हणून लिहितात, आणि परत करतात. धुक्यात चुकले की दोन तास उलटतात."

काउंटरमागे नेस्टर नवी कॉमिक्स प्लास्टिकच्या पिशव्यांत सरकवत होता. "बत्तीस पानांचं कॉमिक," तो म्हणाला, "पंधरा मिनिटांत वाचून होतं. तीस वर्षांत कुणी म्हणालं नाही, वाचून झालं, घे परत. म्हणालं असतं तर हे खोकं घातलं असतं त्याच्या डोक्यात."

"तुझ्या दुकानाला दार आहे, आणि दारात तू आहेस," आर्वो म्हणाला. "तिथं नुसतं बटण. बटणाची कुणाला लाज वाटते?" मग तो कोलेटकडे वळला. "पण तू काय केलंस? जहाजावरच्या स्वयंपाक्याचा गेम केलास, आणि वाढायच्या वेळी सूपमध्ये पाणी ओतलंस. खेळणाऱ्याला पहिल्या घोटात कळतं, पोरी."

"मग काय करू मी? असंच चाललं तर पुढचा गेम व्हायचा नाही. परत बुटांच्या जाहिराती काढत बसायचं."

आर्वोनं तिचा लॅपटॉप मिटून तिच्याकडे सरकवला. पिशवीतून स्वतःचा काढला. जुना, जड, कोपरे झिजलेला.

"ऑनलाइन दुकानात आत्ता आहे तो बिनधुक्याचाच ना?"

"हो."

त्यानं तो विकत घेतला आणि पहिल्यापासून खेळायला बसला.

सरोवर गोठण्याआधीची शेवटची फेरी. जहाजावरचा म्हातारा स्वयंपाकी बटाटे सोलतो. खलाशी एकेक करून ताटली घेऊन येतात. कुणी दोन शब्द बोलतं, कुणी तेवढंही नाही. आर्वोनं प्रत्येकाचं बोलणं सावकाश वाचलं, न बोलणाऱ्यांपुढेही जरा थांबला. जहाज धक्क्याला आलं, धान्याची कोठारं दिसली, तेव्हा त्यानं नाकातून आवाज काढला.

"गहू सोडायची नळी उलट्या बाजूला काढलीस."

"कळलं तुम्हाला?"

"पस्तीस वर्षं तिच्याखाली उभा होतो."

खलाशी आपापल्या पिशव्या घेऊन उतरले. स्वयंपाकी डेकवर एकटाच उरला. बर्फ पडू लागला. खाली एकच नाव आलं, कोलेटचं, आणि गेलं. चित्र तेवढं राहिलं.

आर्वोनं रुमालात नाक शिंकरलं. नेस्टर येऊन त्याच्या खांद्यावरून वाकला. किती वेळ खेळ चालला तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात होता.

"एक तास चौतीस मिनिटं," नेस्टर म्हणाला. "म्हाताऱ्या, अजून सव्वीस मिनिटं आहेत. दाब बटण, घे पैसे, आणि मला कॉफी पाज."

आर्वोनं कागदी पिशवीतून पर्शियन काढला, वर गुलाबी साखरेचा थर असलेला इथला गोड बन. अर्धा मोडून कोलेटपुढे ठेवला.

"संपला तो," ती म्हणाली. "पुढं काही नाही आता."

"दिसतंय मला."

तो खात राहिला. बर्फ डेकवर पडत राहिला. त्यानं कशालाही हात लावला नाही, आणि गेम उघडा असल्यामुळं कोपऱ्यातला आकडा पुढं सरकत राहिला.

आधी नेस्टरच्या लक्षात आलं. तो गेला आणि आपलं स्टूल ओढत घेऊन आला. दाराची घंटी वाजली, तर त्यानं मान न वळवताच सांगितलं, "बघा तुमचं तुम्ही, मी कामात आहे."

मग कोलेटला कळलं. तिनं आपला लॅपटॉप उघडला. धुकं, वाटा, गंजकं दार, सगळं एकदम निवडलं. नक्की पुसायचं का, असं मशीननं विचारलं. तिनं हो म्हटलं आणि बोटाची गुलाबी साखर चाटली.

एक तास एकोणसाठ. तिघंही आकड्याकडे वाकले.

आकडा बदलला.

"झालं," आर्वो म्हणाला. "आता ते दुकान हा गेम माझ्याकडून परत घ्यायचं नाही."

"मग ऊठ की," नेस्टर म्हणाला. "कॉफी राहिलीय माझी."

"थांब जरा," आर्वो म्हणाला. "स्वयंपाकी अजून आत गेलेला नाही."